एका फोटोचे सहा सेकंद

लग्न, एकसष्टी, शाळेचं स्नेहसंमेलन, संस्थेचा सुवर्णमहोत्सव, शोकसभा. अशा कुठल्याही प्रसंगी आता पडद्यावर फोटोंची मालिका असतेच, आणि ती तयार करायचं काम घरातल्या किंवा संस्थेतल्या एखाद्या हौशी माणसाच्या गळ्यात पडतं. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? उत्तरादाखल त्याला इफेक्टची यादी ऐकवली जाते. याच्यात शेकडो ट्रान्झिशन आहेत, त्याच्यात तयार टेम्प्लेट आहेत, फोटो टाकले की काम फत्ते. ही कसोटी मला मुळातच चुकीची वाटते. स्लाइड शो म्हणजे शेवटी तीन निर्णय : कुठल्या फोटोनंतर कुठला, कोणता फोटो किती वेळ, आणि तो दिसत असताना काय ऐकू यावं किंवा वाचता यावं. हे निर्णय जे सॉफ्टवेअर इमानेइतबारे पाळतं, आणि उद्या ते सोडायची वेळ आली तर जसेच्या तसे आपल्या हाती परत देतं, ते घ्यावं. ट्रान्झिशनची मोजदाद त्यानंतर.

हे तीन निर्णय संगणकाच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी मुलांना हाताशी धरून १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले, तेव्हा काचेवर हातानं रंगवलेली पौराणिक चित्रं एकाहून अधिक कंदिलांतून पडद्यावर टाकली जात आणि त्यांच्या अदलाबदलीतून हालचालीचा भास घडवला जाई. १९६१मध्ये कोडॅकनं ‘कॅरोसेल’ प्रोजेक्टर आणला. त्याच्या गोल ट्रेमध्ये ८० स्लाइड बसत. बटण दाबलं की ट्रे एक घर पुढे सरके आणि स्लाइड स्वतःच्या वजनानं खाली उतरून दिव्यासमोर येई. २००४मध्ये कोडॅकनं स्लाइड प्रोजेक्टर बनवणं बंद केलं, पण ट्रेमधल्या स्लाइडचं त्यानं काहीच बिघडलं नाही. त्या आजही उजेडासमोर धरून बघता येतात, आणि ज्यानं लावल्या त्याचा क्रम ट्रेच्या घरांमध्ये तसाच शाबूत असतो. यंत्र गेलं तरी क्रम टिकला, ही गोष्ट पुढे फार कामाला येणार आहे.

संगणकावरच्या स्लाइड शोची ओळखीची खूण म्हणजे स्थिर फोटोवरून हळूहळू सरकणारी नजर. केन बर्न्स या अमेरिकी माहितीपटकारानं १९९०च्या ‘द सिव्हिल वॉर’ मालिकेत ही पद्धत इतक्या ताकदीनं वापरली, की अ‍ॅपलनं २००३च्या ‘आयमूव्ही’मध्ये तिला त्याचंच नाव दिलं. बर्न्सनं स्वतः श्रेय ‘सिटी ऑफ गोल्ड’ या १९५७च्या कॅनडातल्या माहितीपटाला दिलं आहे. आता हा इफेक्ट प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतो, म्हणून तो सगळीकडे सारखाच असणार असं आपण धरून चालतो. तसं नाही. सॉफ्टवेअर खरोखर किती काळजीनं लिहिलं आहे हे ओळखायची याहून चांगली जागा मला माहीत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

समजा, एक फोटो सहा सेकंद दाखवायचा आहे आणि तेवढ्या वेळात तो दहा टक्के मोठा व्हायचा आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एकूण १५० फ्रेम. एचडी पडदा १,९२० पिक्सेल रुंद. दहा टक्के वाढ म्हणजे १९२ पिक्सेल, दोन्ही बाजूंना वाटून ९६. याचा अर्थ, फोटोची डावी-उजवी कड दर फ्रेमला ०.६४ पिक्सेल सरकायला हवी. आळशी सॉफ्टवेअर अपूर्णांकात पडतच नाही, ते जवळच्या पूर्ण पिक्सेलवर उडी मारतं. त्यामुळे कड एका फ्रेमला सरकते, पुढच्या फ्रेमला जागच्या जागी राहते, मग पुन्हा सरकते. वरची-खालची कड ०.३६ पिक्सेलनं सरकायची असते, तिच्या उड्या भलत्याच फ्रेमला पडतात. नुसत्या डोळ्यांना यातली एकही उडी वेगळी दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की आजीचा चेहरा शांतपणे जवळ येण्याऐवजी थरथरतोय. गंमत म्हणजे गती जितकी संथ, तितकी ही थरथर जास्त जाणवते. म्हणजे ज्या प्रसंगी संथपणा सगळ्यात गरजेचा, नेमका तिथेच घोटाळा. ‘एफएफएमपेग’ या मुक्त आणि अतिशय समर्थ साधनातला ‘झूमपॅन’ फिल्टरसुद्धा या दोषासाठी प्रसिद्ध आहे. त्यावरचा जाणकारांचा उपाय साधा आहे : फोटो आधी चौपट मोठा करून घ्यायचा, मग त्यावर झूम चालवायचा. तिथली एका पिक्सेलची उडी पडद्यावर पाव पिक्सेलएवढीच उरते, आणि डोळा ती माफ करतो.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना माझ्या मते पहिली चाचणी ही : पैठणीचा काठ किंवा खिडकीची जाळी असलेला एक फोटो घ्यावा, त्याला सहा सेकंदांचा संथ झूम द्यावा, आणि तयार फाइल मोठ्या टीव्हीवर बघावी. काठ चमचम करू लागला, जाळी लुकलुकली, की समजावं, फोटो लहान करताना यानं निष्काळजीपणा केला आहे. त्याच वेळी आपल्या फोटोंचीही झडती घ्यावी. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४,०३२ पिक्सेल रुंद असतो, म्हणजे एचडीमध्ये तो दुपटीपर्यंत मोठा करायला वाव असतो. ४के, म्हणजे ३,८४० पिक्सेलांच्या व्हिडिओत तोच वाव जवळपास संपतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या दर्जात आलेला फोटो लांबीला साधारण १,६०० पिक्सेलांचा असतो. तो एचडी पडद्यालाही पुरत नाही, आणि कुठलंही सॉफ्टवेअर त्यात नसलेला तपशील आणू शकत नाही. नातेवाइकांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ एवढं सांगितलं, तर महागड्या सॉफ्टवेअरनं होणार नाही एवढा फरक पडतो.

उभ्या फोटोंचा प्रश्नही असाच दुर्लक्षित राहतो. तीनास चार प्रमाणातला उभा फोटो एचडी पडद्यावर पूर्ण दाखवला तर तो ८१० पिक्सेलच व्यापतो, उरलेले १,११० मोकळे. ते भरण्यासाठी बहुतेक सॉफ्टवेअर त्याच फोटोची धूसर प्रत मागे पसरवतात. मला ती गडबड वाटते. साधी गडद पार्श्वभूमी बरी, किंवा दोन उभे फोटो शेजारी ठेवावेत, ते १,६२० पिक्सेलांत नीट बसतात. सॉफ्टवेअर हे करू देतं की प्रत्येक फोटो कापून पडदा भरण्याचा हट्ट धरतं, हे आधीच बघावं. तो हट्ट धरला की सगळ्यात आधी डोकी उडतात.

मराठी माणसासाठी आणखी एक चाचणी अत्यावश्यक आहे. शीर्षकाच्या खिडकीत ‘दुसऱ्या वर्गातले विठ्ठल कुऱ्हाडे’ असं काहीतरी टाइप करून बघावं. अक्षरांची जुळणी न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, रफार हलतो, ठ्ठ फुटतो आणि ऱ्याचा ‘र्’ वेगळा पडतो. हिंदीपुरतं तपासून ‘देवनागरी चालतं’ असं सांगितलेलं असेल, तरी ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ची खातरी होत नाही. यावर पुष्कळ जण शीर्षक दुसरीकडे करून त्याचं चित्र आत टाकतात. निभतं, पण नाव चुकलं तर दुरुस्तीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथवर वाचून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? फोन स्वतःच आठवणींचा व्हिडिओ गाण्यासकट करून देतो. देतो खरा, आणि सहलीच्या चार दिवसांसाठी तो पुरेसाही आहे. पण फोन निवड करतो ती तारीख, चेहरा आणि फोटोची स्पष्टता बघून. संस्थेच्या पन्नास वर्षांत तो एकच धूसर फोटो महत्त्वाचा आहे, कारण पहिली इमारत तेवढ्या एकाच फोटोत आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. क्रम लावणं हेच तर काम, ते यंत्रावर सोडून उरलेल्या सजावटीसाठी माणूस बसवण्यात काय अर्थ?

खरी चिंता मात्र पुढची आहे. ‘पिकासा’ गुगलनं २०१६मध्ये बंद केलं. ‘विंडोज मूव्ही मेकर’ मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१७मध्ये काढून घेतलं. स्टुडिओवाल्यांच्या हातात बसलेलं ‘प्रोशो’ बनवणारी फोटोडेक्स ही कंपनी ३१ जानेवारी २०२०ला बंद झाली. त्याच वर्षी २९ जूनला भारत सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत ‘व्हिवा व्हिडिओ’ होतं. चार वेगळी कारणं, परिणाम एकच : सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या हातात उरलं नाही. कॅरोसेलच्या ट्रेसारखं इथे क्रम आपोआप शिल्लक राहत नाही. तो प्रोजेक्ट फाइलमध्ये असतो, आणि ती चालवणारा प्रोग्रॅमच नसेल तर ती नुसतीच पडून राहते.

यावर नेहमीचं उत्तर : तयार व्हिडिओ आहे ना, तो कुठेही चालतो. एमपी-४ फाइल दीर्घकाळ चालेल हे मलाही मान्य आहे. पण एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख पिक्सेल असतात, मूळ फोटोत एक कोटी वीस लाख. व्हिडिओतून फोटो परत काढला तर सहावा हिस्साच हाती लागतो. एका चुकलेल्या आडनावाची दुरुस्ती व्हिडिओत करता येत नाही. २५व्या वर्धापनदिनाची मालिका ५०व्या वर्षी पुढे वाढवायची, तर सुरुवात शून्यापासून.

म्हणून मी ‘केडेनलाइव्ह’ आणि ‘शॉटकट’ या मुक्त सॉफ्टवेअरकडे झुकतो. दोघांचीही प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडली तरी कुठला फोटो कितव्या जागी आणि किती वेळ हे वाचून काढता येतं. केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्ट सगळ्या फोटोंसकट एका फोल्डरमध्ये बांधून ठेवायचीही सोय आहे. ती वापरली नाही आणि पुढे फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले, तर फाइलला ते सापडत नाहीत. ही सॉफ्टवेअर शिकायला चार दिवस जास्त लागतात, हा आक्षेप रास्त आहे. रोज लग्नाची कामं उरकणाऱ्या स्टुडिओवाल्याला टेम्प्लेट लागतात, हाही. पण वर्षातून एकदा मालिका करणाऱ्याला यांपैकी काहीच जमत नसेल, तर त्याला मी सरळ ‘पॉवरपॉइंट’ सुचवेन. ते येत असतं, त्यातून व्हिडिओ निघतो, आणि त्याची फाइल म्हणजे मुळात एक झिप असल्यानं आतले फोटो नंतर बाहेर काढता येतात. फक्त एक सेटिंग आधी बदलायला हवं, कारण एरवी जतन करताना ते फोटो गुपचूप लहान करतं.

आणि तरीही एक गोष्ट यातलं कुठलंच सॉफ्टवेअर सांभाळत नाही : फोटोत कोण आहे. शीर्षकात लिहिलेली नावं व्हिडिओत निव्वळ चित्र होऊन बसतात, मूळ फोटोला त्यांचा पत्ता नसतो. ‘डिजिकॅम’सारख्या साधनानं ती माहिती फोटोच्या फाइलमध्येच लिहिता येते, म्हणजे फाइल जशीच्या तशी कुठेही नेली तरी नावं सोबत राहतात. पण ते काम मालिका जुळवायच्या आधी करावं लागतं, एकेका फोटोसमोर बसून, आणि मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा कोण हे सांगणारी माणसं हयात असताना. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सॉफ्टवेअर शोधायला बसलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. निमंत्रणपत्रिका छापायला गेली त्याच आठवड्यात हे काम सुरू केलं, तर तो मिळू शकतो.