वाघिणीचे बछडे स्वतंत्र कसे होतात

वाघिणीची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात आणि वजन जेमतेम किलोभर असते. दाट जाळीत किंवा कपारीत वाघीण त्यांना एकटीच वाढवते. धोका जाणवला की मानगुटीला धरून एकेकाला दुसरीकडे हलवते. साधारण दोन महिन्यांनंतर पिल्ले तिने मारलेल्या शिकारीपर्यंत तिच्यामागून जाऊ लागतात. सुमारे सहा महिन्यांत दूध सुटते, पण शिकार मात्र अजून यायची असते.

खरे शिक्षण पुढेच आहे. दुधाचे सुळे पडून कायमचे सुळे येईपर्यंत वर्ष उलटते. तोवर दबा धरणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, गळा नेमका पकडणे हे सारे आईला पाहत आणि चुकत शिकायचे. या काळात आई गेली तर बछडे वाचणे फार कठीण.

दीड ते दोन वर्षांचे झाल्यावर ते वेगळे होतात. मादी बहुधा आईच्या शेजारीच हद्द धरते. नराला मात्र दूर जावे लागते. टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर 2019 मध्ये शेते, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटरहून अधिक चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. अशा नरांसाठी जंगलांना जोडणारे पट्टे शाबूत राहणे अत्यावश्यक आहे.