औषधाचे नाव परदेशी जाते तेव्हा

मढच्या टोकावरील पोर्तुगीजकालीन किल्ल्यास कोणी मढचा किल्ला म्हणतात, कोणी वर्सोव्याचा. दोन नावांनी किल्ल्याचे काही बिघडत नाही. औषधाचे मात्र तसे नाही. तेथे नावावर रुग्णाची मात्रा अवलंबून असते.

परदेशी बाजारपेठेत नाव बदलण्याची तीन कारणे आम्हांस दिसतात. पहिले उच्चाराचे. 'त्रिफळा' तिकडे रुळला, पण 'पुनर्नवाष्टक' म्हणताना परक्याची जीभ अडखळते. दुसरे नोंदणीचे. व्यापारचिन्हाचा हक्क देशागणिक वेगळा असल्याने येथील नाव तेथे आधीच दुसऱ्याच्या मालकीचे असू शकते. तिसरे आणि सर्वांत वजनदार कारण कायद्याचे.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यान्वये आपली बहुतेक वनौषधी उत्पादने 'आहारपूरक' म्हणून विकली जातात. त्यांना रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. २००० सालच्या नियमाने तर नावातून सूचित होणारा दावाही दावाच मानला. 'हेपॅटाक्युअर' हे नाव चालणार नाही, 'हार्ट टॅब्ज' चालेल, अशी उदाहरणेच तेथील प्रशासनाने दिली. अवयवाचे नाव घ्यावे, रोगाचे वा रोगमुक्तीचे घेऊ नये, असा त्याचा मथितार्थ. 'हिमालय'ची उत्पादने पाहावीत. १९५५ पासून आपल्या परिचयाचे 'लिव्ह.५२' अमेरिकेत 'लिव्हरकेअर' या नावाने, तर 'डायबेकॉन' हे 'ग्लुकोकेअर' या नावाने विकले गेले. दुसऱ्या नावातून मधुमेहाची सूचना गेली. उरली साखर आणि काळजी.

आपल्या औषध नियमावलीतील नियम १६१ नुसार शास्त्रोक्त औषधाच्या वेष्टनावर ग्रंथातीलच नाव द्यावे लागते. निर्यातीसाठी मात्र आयात करणाऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे बदल करण्याची मुभा आहे. ही मुभा आवश्यक आहे, परंतु मूळ नाव पुसून टाकण्याची किंमत मोठी आहे. जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे १९९५ मधील अमेरिकी एकस्व १९९७ मध्ये रद्द झाले, ते जुन्या लेखी आधारांच्या बळावर. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसारही पारंपरिक औषधाच्या नोंदणीस तीस वर्षांच्या वापराचा, त्यांपैकी साधारणतः पंधरा वर्षे संघातील वापराचा, पुरावा लागतो. नावाचा धागा तुटला की तो वापर सिद्ध करणे कठीण होते.

व्यवसायबंधूंपुढील प्रश्न अधिक निकडीचा आहे. मुलाने परदेशातून धाडलेली डबी आणि वैद्यांनी येथे लिहून दिलेली गोळी, दोन्ही रुग्ण श्रद्धेने घेतो. नावे भिन्न, पाठ जवळपास एकच, मात्रा दुप्पट! साखर कमी करणाऱ्या औषधांत हे धोक्याचे आहे. उलट, नाव बदलताना पाठही बदललेला असू शकतो, म्हणून केवळ सारखेपणाच्या भरवशावर एकाऐवजी दुसरे देणेही योग्य नव्हे.

यास्तव वैद्यांनी परदेशी डबी प्रत्यक्ष मागवून त्यावरील वनस्पतींची शास्त्रीय नावे वाचावीत. औषधालयांच्या मालकांनी अशा जोडनावांची वही गल्ल्याजवळ ठेवावी. निर्यातदारांनी दर्शनी नाव खुशाल बदलावे. मात्र तेथील कायदा अनुमती देईल तेथे बारीक अक्षरांत का होईना, मूळ संस्कृत नाव वेष्टनावर राखावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.