आत्याच्या लग्नाचा फोटो

2012 ची भाऊबीज. अप्पा जाऊन आठ महिने झाले होते. दरवर्षी ते बेळगावहून उज्जैनला आत्याकडे जायचे. त्या वर्षी मी गेलो. बरोबर लॅपटॉप, त्यात घरातले जुने फोटो स्कॅन करून घेतलेले. आत्याची नजर अधू झालेली. अल्बममधले चेहरे तिला ओळखू येत नसत. आतेभावाने मात्र नुकताच चाळीस इंची एचडी टीव्ही घेतला होता.

एचडीएमआय केबल जोडली. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातात, त्यामुळे सोपे वाटले होते. पण पडद्यावर आत्याच्या लग्नातली सगळी वऱ्हाडी मंडळी एकदम बाळसेदार! लॅपटॉप 1024 × 768 असे चौकोनी माप पाठवत होता आणि टीव्ही ते ओढून रुंद करत होता. टीव्हीचे स्वतःचे माप 1920 × 1080. जुन्या ज्योतिषाने ज्या गावावरून शून्य रेखांश मोजला, तिथेच माझे माप चुकावे!

दोन्ही पडद्यांवर एकच चित्र ठेवले की संगणक बहुधा दोघांना झेपेल असे माप निवडतो. मी चित्र फक्त टीव्हीवर ठेवले आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये 1920 × 1080 निवडले. माणसे पुन्हा सडपातळ झाली.

मग मांडवातल्या रांगेचा लांबट फोटो लावला. आत्या खुर्ची पुढे ओढून एकेकाला ओळखू लागली. शेवटी थांबली. "दादा कुठाय रे?"

अप्पा उजव्या टोकाला उभे होते. लॅपटॉपवर मी त्यांना कितीदा पाहिले होते. टीव्हीवर फक्त कोपर दिसत होते.

फोटो बंद केला तेव्हा लक्षात आले, खालची स्टार्टची पट्टीही अर्धी कापली गेली होती. म्हणजे टीव्ही चारही कडा खात होता. ही खोड जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातली. त्या चित्राच्या कडा वेड्यावाकड्या असत, विजेचा दाब कमी झाला की चित्र आकसे. म्हणून कंपन्या चित्र थोडे मोठे करून कडा चौकटीआड लपवत. सपाट पडद्याला याची गरज नाही, तरी सवय राहिली. याला ओव्हरस्कॅन म्हणतात.

याचा इलाज संगणकात शोधत बसू नये. मी तासभर शोधला आणि पोहे गार केले. टीव्हीच्या रिमोटवर चित्राच्या आकाराचा मेनू असतो. त्यात 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' असे काहीतरी लिहिलेले सापडते. प्रत्येक कंपनीचे बारसे वेगळे. काही टीव्हींमध्ये त्या इनपुटचे नाव 'पीसी' केले की काम होते. अक्षरांभोवती पांढरी किनार दिसली तर शार्पनेस कमी करावा. आता 3840 × 2160 मापाचे 4के टीव्ही आले, तरी कडा कापल्या गेल्या तर आधी तोच मेनू बघावा.

मी बटण दाबले. अप्पा आले. पांढरा शर्ट, हातात कुणाची तरी पिशवी.

आत्या काही बोलली नाही. आत जाऊन तिने निरांजन लावले, मला पाटावर बसवून ओवाळले. पाट टीव्हीसमोरच मांडला होता. ओवाळणी झाल्यावर मी केबल काढायला उठलो.

"इरली बिडो," आत्या म्हणाली. उज्जैनमध्ये तिच्या तोंडून कन्नड मी पहिल्यांदाच ऐकत होतो.