वरचे दहा मीटर
पाण्याखाली जाण्यापूर्वी : लेखांक 3

सिंगापूरच्या वन-नॉर्थमध्ये, म्हणजे बायोपोलिस आणि फ्युजनॉपोलिसच्या परिसरात, नोकरी करणाऱ्याला स्कूबाचा कोर्स सहज आवाक्यात असतो. थिअरी मोबाइलवर, सराव पोहण्याच्या तलावात आणि समुद्रातल्या चार डाइव्ह बहुधा मलेशियाच्या तिओमान बेटापाशी. पैसे भरले की बहुतेकांची चौकशी सुरू होते ती मास्क कोणता घ्यावा, फिन्स कोणत्या घ्याव्यात याची. हे सगळे खुशाल प्रशिक्षकावर सोडावे. क्लासला जाण्याआधी एकच गोष्ट मुळापासून समजून घ्यायची असेल तर ती पाण्याचा दाब. आणि त्यातही भर द्यावा तो पृष्ठभागालगतच्या दहा मीटरांवर. नवशिक्याला खोलीची भीती वाटते, पण त्याचा खरा धोका या उथळ पट्ट्यातच जास्त असतो.

वन-नॉर्थच्या उंच इमारतींतल्या लिफ्टमध्ये कानाला दडे बसतात. शंभर मीटर वर चढताना हवेचा दाब जेवढा उतरतो, तेवढा फरक पाण्यात जेमतेम बारा सेंटिमीटरवर पडतो. म्हणूनच तलावाच्या दोन मीटर खोल टोकालाही कान ठणकू शकतात. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकले की घशातून मध्यकर्णाकडे जाणारी नळी उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. हे दुखायला लागण्याआधी आणि खाली जाताना पुन्हापुन्हा करायचे असते. दुखू लागल्यावर जोर लावणे घातक; अशा वेळी थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा.

आता फुप्फुसांचा विचार करू. पृष्ठभागावर दाब एक वातावरण, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेल्या नियमानुसार दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. याच हिशोबाने तीस मीटरवरून वीसवर येताना हवा एक-तृतीयांशाने फुगते, वीसवरून दहावर येताना दीडपट होते आणि शेवटच्या दहा मीटरांत थेट दुप्पट. अंतर तेच, परिणाम मात्र वर येऊ तसा वाढत जातो. दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास रोखून कुणी वर आला, तर ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसात तेवढी जागा नसते. फुप्फुस पूर्ण भरलेले असेल तर दीडेक मीटर वर येणेही इजेला पुरते. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा स्कूबाचा पहिला नियम यातूनच आलेला आहे.

इथे गावाकडे विहिरीत पोहायला शिकलेला माणूस म्हणेल, आम्ही तर जन्मभर श्वास रोखूनच सूर मारला, तळाची माती वर आणली, आम्हाला काही झाले नाही. बरोबर आहे, आणि त्याचे कारणही बॉइलच्याच नियमात आहे. विहिरीत सूर मारणारा हवा काठावरून नेतो. ती खाली दबते आणि वर येताना पूर्वीइतकीच होते, तिच्यापेक्षा जास्त नाही. स्कूबावाला खाली असताना, तिथल्याच दाबाची हवा घेतो. दोघांच्या डोक्यावर पाणी सारखेच असले, तरी छातीतली हवा वेगळ्या हिशोबाची आहे. त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यानेच हे आधी समजून घ्यायला हवे. त्याच्या अंगात मुरलेली सवय इथे नेमकी उलटी पडते.

हे सारे प्रशिक्षक शिकवतातच, मग आधी कशाला, असा आक्षेप येईल. शिकवतात, पण तेव्हा मास्कमध्ये पाणी शिरलेले असते, तोंडात रेग्युलेटर असतो, आणि घाबरलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया श्वास धरून वर धावण्याची असते. त्या घटकेला नवे कारण डोक्यात शिरत नाही. आधी पटलेले असेल तरच आठवते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अर्धवट ज्ञानाने माणूस धीट होतो. म्हणून सीमारेषा स्पष्ट हवी. कारणे वाचावीत, कृती मात्र प्रशिक्षकासमोरच करावी. कॉन्डोच्या तलावात एकट्याने भराभर श्वास घेऊन मग तो रोखण्याचा सराव तर मुळीच करू नये. त्यात कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपू शकते आणि पोहता येणारी माणसेही त्यात बुडाली आहेत.

मालवणात थोड्याशा सूचनांवर पर्यटक खाली जाऊन येतातच की, असेही कुणी म्हणेल. तिथे मागून टाकी धरलेला गाइड तुमची खोली आणि वर येण्याचा वेग सांभाळतो. कोर्समध्ये हे काम हळूहळू तुमच्याकडे येते. सिंगापूरच्या पुलाऊ हांतूसारख्या ठिकाणी गढूळपणामुळे बरेचदा दोन-तीन मीटरपलीकडचे दिसत नाही. प्रवाळाचा उतार नजरेआड झाला, की आपण वर सरकतो आहोत हे शरीराला कळत नाही. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवरचा आकडा बघावा लागतो. मिनिटाला नऊ मीटरहून हळू वर यायचे, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, हे आकडे ज्याला त्यांमागच्या कारणासकट ठाऊक आहेत, तो ते घाईतही पाळतो.

दाब समजला की आरोग्याच्या प्रश्नावलीतले प्रश्नही उलगडतात. दमा, कानाची शस्त्रक्रिया, पूर्वी कधी फुप्फुसातून हवा गळणे, यांची विचारणा होते, कारण शरीरात कुठेही हवा अडकली तर ती वर येताना फुगणारच. एखादे उत्तर ‘हो’ असेल तर बहुतेक वेळा डॉक्टरांची सही लागते, आणि तिओमानची बोट सुटण्याच्या आदल्या रात्री ती मिळवणे कठीण. तेव्हा ही प्रश्नावली पैसे भरण्याआधीच मागून घ्यावी आणि खरी भरावी. पुढच्या लेखांकात नायट्रोजन: डाइव्हनंतर विमानात बसायला किती तास थांबायचे, आणि मालवणहून आंबोली घाट चढणाऱ्यांनी त्याचा विचार का करायचा.