पीएच.डी.चा विषय वावरात आहे

दर्यापूर तालुक्यातल्या मामाच्या गावी उन्हाळ्यात गेलं की पहिल्याच घोटाला कळायचं, आपण खारपाणात आलो. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे. मामी गोडं पाणी वेगळ्या गुंडात झाकून ठेवायची. ते फक्त प्यायला आणि वरणाला. आम्हा मुलांना ती गावाची खोड वाटे. त्या पाण्यात संशोधनाचा विषय आहे, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा. गावं जवळपास ९००. किडनीच्या आजाराची तक्रार इथे घरोघर ऐकू येते. लोक सरळ सांगतात, "पाण्यानं किडनी गेली." जीववैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याचं काम या वाक्यापाशी सुरू होतं. क्षार एकटेच दोषी आहेत का? भर उन्हात वावरातलं काम, खारं लागतं म्हणून कमी प्यायलेलं पाणी, अंगदुखीवर रोज घेतलेल्या गोळ्या, कधीच न मोजलेला रक्तदाब, मधुमेह हे सगळे धागे सोडवावे लागतात. आंध्रातलं उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतले ऊसतोड मजूर, सगळीकडे राबणाऱ्या माणसांच्या किडन्या अशाच निकामी होत आहेत आणि कारणावर अजून एकमत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन एकदा मोजूनही भागत नाही. बिघाड तीन महिन्यांनंतरही टिकून असेल, तरच तो जुनाट आजार. म्हणजे त्याच गावात, त्याच माणसाकडे पुन्हा जायचं.

यासाठी आपल्याकडे एक दुर्मीळ सोय आहे. वान धरणाच्या पाण्यावरच्या ८४ खेडी योजनेनं अकोट-तेल्हारा भागातल्या गावांना गोडं पाणी दिलं. माती तीच, ऊन तेच, पऱ्हाटी तीच, फरक फक्त पाण्याचा, अशी गावं शोधून त्यांची विहिरीवरच्या गावांशी तुलना करता येईल. प्रयोगशाळेत लाखो रुपये ओतूनही अशी मांडणी उभी करता येत नाही.

आपल्या प्रयोगशाळांवर माझा विश्वास बसला तो कोविडच्या काळात. २०२० च्या उन्हाळ्यापर्यंत अमरावतीकरांचे स्वॅब जिल्ह्याबाहेर जात होते. मग संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातच तपासणी सुरू झाली. जीवाणू आणि वनस्पतींच्या जनुकांवर एम.एस्सी.ची मुलं ज्या पीसीआर तंत्राचा सराव करतात, त्याच तंत्रानं आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नमुने तपासले जाऊ लागले. २०२१ च्या फेब्रुवारीत इथले आकडे अचानक उसळले आणि २२ तारखेला शहरात पुन्हा टाळेबंदी लागली. विषाणूत काही बदललं आहे का, हे जनुकीय क्रम वाचल्याशिवाय कळणार नव्हतं. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर या बदलांचं प्रमाण डिसेंबरच्या तुलनेत वाढलं आहे. विषाणूच्या काटेरी प्रथिनातल्या ४८४ व्या आणि ४५२ व्या जागेवरचे हे बदल. हे बदल ज्या बी.१.६१७ कुळात आढळले, त्याच कुळातल्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं नाव दिलं, डेल्टा. हा विषाणू अमरावतीत जन्मला असं काही जण छातीठोकपणे म्हणतात. तेवढा पुरावा नाही, म्हणून मी म्हणणार नाही. पण त्या दिवसांत अमरावतीचे नमुने साऱ्या देशाच्या कामाचे होते.

अकोल्याची खरी ताकद मला पशुवैद्यकात दिसते. तिथली पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आणि २००२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. गाय गाभडली, तर कारण ब्रुसेलोसिस असू शकतं. तिची वार काढणाऱ्या माणसाला पुढे येणारा-जाणारा ताप धरला, तर तोही तोच जंतू असू शकतो. गाय एका दवाखान्यात, माणूस दुसऱ्यात, आणि दोघांचे कागद कधी एकमेकांना भेटत नाहीत. फवारणीचंही तसंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले. अनेक कीटकनाशकं मज्जातंतूंना लागणारं कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. त्याचं प्रमाण फवारणीच्या हंगामाआधी आणि हंगामात मोजत राहिलं, तर माणूस कोसळण्याआधी धोका दिसू शकतो.

असे विषय घेऊन पीएच.डी. करायची, तर पैशाचं काय, असं पालक विचारतात, आणि तो प्रश्न रास्तच आहे. नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात.

अमरावती जिल्ह्यातल्या कोरकू आदिवासींच्या मेळघाटाचा विषय, सिकलसेल, मी मुद्दाम शेवटी ठेवला. हा मूळचा जनुकातल्या एका अक्षराचा आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं आणि गोल तांबड्या पेशीचा विळा होतो. मध्य भारतातल्या वाहकांबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांचं टिपण 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच आलं. आता आपल्याकडे 'एएस पॅटर्न' म्हणजे वाहक, 'एसएस पॅटर्न' म्हणजे रुग्ण, हे शब्द आशाताईंच्या तोंडी रुळले आहेत, लग्नाच्या बोलणीतही येतात. नवरा-बायको दोघंही एएस असले, तर प्रत्येक खेपेला एसएस बाळाची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानानं २०४७ पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य ठेवलं आहे.

तरी कोडं उरतंच. एकाच आईची दोन एसएस मुलं; एक महिन्याआड सांधेदुखीनं दवाखान्यात, दुसरं शाळेत धावतंय. गर्भातलं हिमोग्लोबिन ज्याच्या रक्तात जास्त टिकून राहतं, त्याला त्रास कमी, हे माहीत आहे. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी तेच वाढवते. पण सगळा फरक तेवढ्यानं सुटत नाही. मलेरिया, कुपोषण, इतर जनुकं यांचा वाटा किती? हा अभ्यास करणाऱ्याला त्या आईच्या दारात बसून, नमुना कशासाठी हवा आणि त्याचं पुढं काय होणार, हे कोरकूत सांगावं लागेल. मराठी संमतीपत्रावर अंगठा घेऊन चालणार नाही. म्हणून मला फार वाटतं, त्या दोन भावंडांच्या रक्तातलं वेगळेपण धारणी-चिखलदऱ्याकडच्याच एखाद्या कोरकू मुलीनं शोधावं.