संगणकांचा ऊर्जाव्यय, संस्थांतील
मोठ्या संस्थांतील मेजावरील संगणक उपयोगात नसताना चालू राहिल्याने वाया जाणारी विद्युत् ऊर्जा. एका संगणकापुरता हा व्यय क्षुल्लक असतो. परंतु कार्यालये, बँका, विद्यापीठे इत्यादींत संगणकांची संख्या मोठी असल्याने एकूण व्यय लक्षणीय ठरतो.

कारणे : साधारण संगणक व त्याचा द्रव-स्फटिक पडदा मिळून काम नसतानाही सु. ६० वॉट शक्ती घेतात, असे धरता येते. पूर्वीच्या ऋण किरण नलिकेचा पडदा एकटाच तितकी किंवा अधिक शक्ती घेई. पडद्यावर हलती चित्रे दाखविणारा ‘स्क्रीन सेव्हर’ हा नलिकेवर कायमचा डाग पडू नये म्हणून योजला होता. त्याने ऊर्जा वाचत नाही. वारंवार चालू-बंद केल्याने यंत्र बिघडते ही समजूत, तसेच रात्री दुरून प्रणाली अद्ययावत करण्याची सोय, यांमुळे संगणक चालू ठेवले जातात. शिवाय संगणक वापरणाऱ्यास वीजदेयक भरावे लागत नाही. संगणकांच्या उष्णतेने वातानुकूलनावरील भारही वाढतो.

परिमाण : वर्षातील ८,७६० तासांपैकी कामाचे तास सु. २,००० असतात. उरलेल्या ६,७६० तासांत ६० वॉटचे ५०० संगणक चालू राहिल्यास २,०२,८०० एकक (किलोवॉट-तास) वीज खर्च होते. एका एककास सु. ०·७ किग्रॅ. कोळसा धरल्यास हा कोळसा सु. १४० टन भरतो.

उपाय : निद्रावस्थेत केवळ स्मृतीस व जागे करणाऱ्या मंडलास वीज मिळते; संगणकाची मागणी काही वॉटवर येते. ही अवस्था ठराविक वेळेनंतर आपोआप यावी, अशी योजना संस्थेने सर्व संगणकांसाठी एकाच ठिकाणाहून करणे परिणामकारक ठरते. जालामार्फत संदेश पाठवून संगणक रात्री जागा करता येत असल्याने देखभालही अडत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ ही चिन्हांकन योजना संगणक व पडद्यांपासूनच सुरू झाली. भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला व त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला.

खानदेशात या प्रश्नाची दोन्ही टोके जवळजवळ दिसतात. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगर येथे कोळशावर वीज निर्माण होते. त्याच जिल्ह्यातील पहूरसारख्या गावांच्या परिसरात शेतीपंपांना अनेक वर्षे पाळीपाळीने, पुष्कळदा रात्री, वीज मिळत आली आहे. पाणी देण्यासाठी शेतकरी जागा असताना रिकाम्या कार्यालयात चालू राहिलेला संगणक हा केवळ देयकाचा प्रश्न राहत नाही.