मुष्टियोद्ध्याची वाणी आणि लोकांची प्रीती

मुष्टियुद्ध पाहावयास आलेला प्रेक्षक केवळ ठोसे मोजत नाही. लढणारा माणूस बोलतो कसा, जिंकल्यावर वागतो कसा, याचाही हिशेब तो मनात ठेवीत असतो. हा हिशेब कसा बदलत जातो हे पाहावयाचे, तर महंमद अली या अमेरिकन मुष्टियोद्ध्याचे चरित्र आपण विचारात घेतले पाहिजे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात पाहू. १९०८ साली जॅक जॉन्सन हा हेवीवेट गटातील पहिला कृष्णवर्णी जगज्जेता झाला. तो प्रतिस्पर्ध्यास हसत हसत चिडवी आणि खाजगी आयुष्यातही कोणाची भीड बाळगीत नसे. १९१० साली त्याने जेफ्रीज या गोऱ्या योद्ध्यास हरविले, तेव्हा अमेरिकेत अनेक ठिकाणी दंगली उसळल्या. पुढे जो लुई उदयास आला, तेव्हा पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवावयाचा नाही, अशी ताकीदच त्याच्या व्यवस्थापकांनी त्यास दिली. तो मितभाषी राहिला आणि गोऱ्यांनीही त्यास आपले मानले. कृष्णवर्णी विजेत्याने नम्र असावे, हा जणू दंडकच पडला.

हा दंडक अलीने मोडला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्याचे नाव कॅशियस क्ले होते. १९६१ साली लास वेगास येथे गॉर्जस जॉर्ज या बढाईखोर मल्लाशी त्याची गाठ पडली. याचे तोंड कोणीतरी बंद करावे, एवढ्याच आशेने लोक त्याच्या कुस्तीची तिकिटे काढीत. क्लेने हा धडा उचलला. तो कितव्या फेरीत जिंकणार हे यमके जुळवून आधीच सांगू लागला आणि १९६४ साली लिस्टनला हरवून जगज्जेता झाला. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बढाईने गर्दी जमते. त्या गर्दीत प्रेम करणारे किती आणि फजिती पाहण्यास आलेले किती, हे तिकीटविक्रीवरून कळत नाही.

पुढे त्याने धर्म आणि नाव बदलले. कित्येक वृत्तपत्रे जुनेच नाव छापीत राहिली. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने सैन्यात भरती होण्यास नकार दिला, तेव्हा तर संतापाची लाट उठली. त्याचे अजिंक्यपद गेले, लढण्याचे परवाने गेले. पाच वर्षे कारावास आणि १०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील केल्यामुळे तो तुरुंगाबाहेर राहिला खरा, पण ऐन उमेदीची साडेतीन वर्षे लढतीवाचून गेली. त्या काळात तो महाविद्यालयांतून व्याख्याने देत फिरला. व्हिएतनाम युद्धाविषयी लोकमत पालटत गेले, तसे पुष्कळांच्या ध्यानात आले, की या वाचाळ माणसाने आपल्या शब्दाची किंमत स्वतः मोजली आहे. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. १९७४ साली किन्शासा येथे फोरमनशी तो लढला, तेव्हा प्रेक्षक उघडउघड त्याच्या बाजूचे होते.

तथापि याच वाणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंदीच्या काळात जो फ्रेझियरने अलीला परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला होता. त्याच फ्रेझियरला अलीने गोऱ्यांचा हस्तक म्हटले आणि १९७५ च्या मनिला येथील लढतीपूर्वी गोरिला म्हणून हिणविले. गरीब शेतमजुराच्या पोटी जन्मलेल्या त्या कष्टाळू माणसास ते आयुष्यभर सलत राहिले. २००१ साली अलीने वृत्तपत्रातून दिलगिरी व्यक्त केली. परंतु फ्रेझियरवर जीव असलेल्या अनेकांच्या मनातील अढी गेली नाही.

१९९६ साली अटलांटा येथे कंपवाताने थरथरणाऱ्या हातांनी अलीने ऑलिंपिक ज्योत पेटविली, तेव्हा त्याची वाणी जवळजवळ थांबली होती. तरीही लोक गहिवरले. आम्हांस वाटते, प्रेक्षक बढाईची क्षमा करतो, मतभेदही कालांतराने विसरतो. मात्र बोलणाऱ्याने आपल्या शब्दासाठी काय सोसले आणि तो शब्द कोणाच्या वर्मी लागला, या दोन्ही गोष्टी त्याच्या स्मरणात राहतात.